बैलाला दाखला, पोराला शिव्या

पनवेल-उरण पट्ट्यात टेनिस क्रिकेटच्या संघात नवा खेळाडू आला की त्याचं पुढे काय होतं, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. पहिल्या आठवड्यात त्याला डोक्यावर घेतात, दुसऱ्या आठवड्यात त्याच्या आईचा उद्धार करतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचं नावही कोणाला आठवत नाही. हा क्रम सहसा चुकत नाही. या सगळ्याला आम्ही 'खेळावरचं प्रेम' म्हणतो. मला त्यात प्रेम दिसत नाही. मला दिसते ती मालकी, आणि तीही फुकटची.

मी गुणलेखक आहे. भातकापणी उरकली की शनिवार-रविवार माझा मुक्काम कुठल्या ना कुठल्या मैदानावर असतो. आता धावा मोबाइलच्या ॲपमध्ये भरायच्या असतात, पण मी वही सोडलेली नाही. मोबाइलची बॅटरी संपते, मैदानावरचे वाद संपत नाहीत. गुणलेखकाचं टेबल समालोचकाच्या शेजारी, पाहुण्यांच्या मंचाच्या पायथ्याशी असतं. त्यामुळे वरून येणारी भाषणं आणि दोरीपलीकडून येणाऱ्या शिव्या, दोन्ही मला सारख्याच स्पष्ट ऐकू येतात. पुष्कळदा दोन्हींचं तोंड एकच असतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे दिवाळीपासून पाऊस पडेपर्यंत चषकांचं पीक येतं. आमदार चषक, सरपंच चषक, नगरसेवक चषक, कोणाच्या वाढदिवसाचा चषक, कोणाच्या स्मरणार्थ चषक. सामने मोजक्या षटकांचे, त्यामुळे एका दिवसात ढीगभर उरकतात. रात्रीचे असतील तर खांबांवर दिवे चढतात आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लागतं. मालिकावीराला मोटरसायकल मिळते. एका बाजूला 'एक गाव एक संघ' या नियमाच्या स्पर्धा, जिथे खेळाडू गावचाच पाहिजे म्हणून आधार कार्ड तपासतात. दुसऱ्या बाजूला संघमालकांच्या स्पर्धा, जिथे खेळाडूंचा लिलाव होतो आणि पोरगा कुठूनही आलेला चालतो.

हा लिलाव एकदा तरी जवळून बघावा. लग्नाचा हॉल, पांढरी कव्हरं चढवलेल्या खुर्च्या, टेबलांवर पाण्याच्या बाटल्या. संघमालक पुढे बसतात. त्यांच्यात बिल्डर असतात, भरावाचे ठेकेदार असतात, निवडणुकीला उभं राहायचं ठरवलेले असतात. पडद्यावर पोराचा फोटो येतो, तो डावरा की उजवा, गोलंदाजी टाकतो की नाही, हे सांगून होतं आणि बोली सुरू होते. कुठे रुपयांत, कुठे पॉइंटांत. पोरं मागच्या रांगेत बसून स्वतःचा भाव ऐकत असतात. भाव चढला की शेजारचे पाठ थोपटतात. बोलीच लागली नाही तर माइकवरून 'अनसोल्ड' असं पुकारतात आणि पुढचा फोटो येतो. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने हे सगळ्या ओळखीच्यांसमोर ऐकायचं आणि उठून जेवणाच्या रांगेत उभं राहायचं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार ग्राह्य धरला जात नाही. भाव मात्र लागतो. जो स्वतःच्या सहीने काही ठरवू शकत नाही त्याची बोली आपण लावतो आणि टाळ्या वाजवतो.

पैशाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी मला पोरांच्या पोटावर उठलेला म्हणेल. टेनिस चेंडूने खेळणाऱ्यांना आयुष्यभर 'गल्लीतले' म्हणून हिणवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली, सहा संघ आले, प्रत्येकाला खेळाडूंवर खर्चायला एक कोटीची थैली आणि खेळाडूची किमान किंमत तीन लाख. ज्या पोराचा बाप कंपनीत हेल्पर आहे त्याच्या घरात तीन लाख एकरकमी येत असतील तर ते यावेतच. माझं भांडण पैसे देणाऱ्याशी नाही. माझं भांडण आहे एक रुपया न देता मालक झालेल्यांशी, म्हणजे दोरीपलीकडे उभ्या असलेल्या तुमच्या-आमच्याशी.

नव्या खेळाडूच्या स्वागताचा फ्लेक्स नीट पाहिला आहे का कधी? मी पाहतो, कारण तो हमखास गुणलेखकाच्या टेबलामागे बांधतात. वर दोन नेते, त्यांच्या खाली संघमालक हात जोडून, उजवीकडे त्याचा मुलगा काळा चष्मा लावून, डावीकडे मंडळाचे अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, आणि तळाशी 'शुभेच्छुक' म्हणून वीस-पंचवीस गोल डोकी. ज्याचं स्वागत आहे तो पोरगा कुठेतरी कोपऱ्यात बॅट उगारलेला, धूसर, कारण त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून उतरवलेला असतो आणि बाकीच्यांचे स्टुडिओतले असतात. कोणाच्या कौतुकाचा हा फ्लेक्स आहे ते सांगायला अक्षरं वाचावी लागत नाहीत. आम्हाला खेळाडू नको असतो, आम्हाला त्याच्या बाजूला उभं राहायचं असतं. तो जिंकला की आपण ती जागा घट्ट धरतो, हरला की सगळ्यात आधी आपण तिथून सरकतो.

एक प्रसंग सांगतो. नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. सगळ्याच मैदानांवर घडतं ते. खानदेशातून एक पोरगा आणला होता, मिसरूड नुकतंच फुटलेलं. आदल्या दिवशी त्याने अर्धशतक ठोकलं तेव्हा समालोचकाने त्याला 'आपल्या मातीतला वाघ' केलं होतं. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात, शेवटून दुसऱ्या षटकात, दिव्यांच्या झोतात त्याच्या हातून झेल सुटला. चेंडू बोटांच्या टोकाला लागून गेला. दोरीपलीकडून लगेच सुरू झालं, "ह्याला कोनी आनला रं?" दुसरा ओरडला, "पैसं घेताना गोर लागलं, आता पल की!" त्यानंतर जे आलं ते इथे छापता येणार नाही. त्यात त्याच्या खेळाबद्दल एक अक्षर नव्हतं; आई होती, बहीण होती आणि तो जिथून आला तो मुलूख होता. समालोचकाने आवाज आवरायला सांगितलं नाही. तो हसला आणि म्हणाला, "प्रेक्षक नाराज आहेत मंडळी."

षटक संपल्यावर पोरगा माझ्या टेबलाजवळ आला. करंगळीच्या बाजूचं बोट फाटलं होतं, रक्त मनगटापर्यंत ओघळलेलं. त्याने बर्फ मागितला. बर्फ होता, पण तो मंचाखालच्या खोक्यात, पाहुण्यांच्या थंड पेयांसाठी. कार्यकर्त्याने सांगितलं, "थांब जरा, पाहुन्यांचं होऊ दे." लाखाच्या बक्षिसाच्या स्पर्धेत औषधाची पेटी नव्हती. पट्टी कोणाच्या तरी गाडीत सापडली. ते बोट धरून त्याने शेवटचं षटक क्षेत्ररक्षण केलं आणि संघ हरल्यावर टेम्पोत सगळ्यात मागे बसून गेला. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे त्या दिवशीच्या नऊ धावा आहेत. बोटाचा रकाना वहीत नसतो.

आता या पट्ट्यातला दुसरा नाद घ्या, शर्यतींचा. पनवेल तालुक्यात बैल काय चीज आहे हे मी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्या कायद्याखालचे नियम काढून वाचा. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धाव एक हजार मीटरच्या वर नेता येत नाही. बैल धावायला योग्य आहे असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. काठी, चाबूक, पराणी चालत नाही. आजारी बैल जुंपला तर गुन्हा. हे नियम रोज किती पाळले जातात हा वेगळा विषय, पण ते कागदावर आहेत, शर्यती परत मिळवायला बैलगाडा मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि बैलाचा जीव हा विचार करण्याजोगा विषय आहे हे त्या भांडणात सगळ्यांनाच मान्य करावं लागलं.

पोराच्या जिवासाठी असं कुठे लिहून ठेवलंय? एका दिवसात किती सामने खेळवायचे, किती षटकं टाकून घ्यायची, खांदा दुखत असताना खेळवायचा की नाही, तो अठराचा आहे की नाही, मैदानावर डॉक्टर आहे की नाही, विमा आहे की नाही, यातलं मला तरी कुठल्या चषकाच्या नियमावलीत सापडलेलं नाही. नियमावलीत असतं ते हे: पंचांचा निर्णय अंतिम राहील, प्रवेश फी परत मिळणार नाही. शर्यत हरलेल्या बैलाला घरी नेऊन मालक त्याच्या अंगावरून हात फिरवतो, त्याला चंदी देतो. सामना हरलेल्या पोराला आम्ही पार्किंगपर्यंत शिव्या देत सोडायला जातो.

'तो बाहेरचा आहे' हे या शिव्यांचं मूळ कारण असं मला नेहमी सांगितलं जातं. त्यात दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. जमिनीच्या भावासाठी आमच्या लोकांनी जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरला गोळ्या खाल्ल्या, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वातून, साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडला. मग विमानतळ आला. ११६० हेक्टरच्या त्या प्रकल्पासाठी कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशी गावंच्या गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं. जिथे आमची घरं, देवळं, शेतं होती तिथे धावपट्टी आहे. अशा गावाचं नाव आज कुठे उरलंय? रेशनकार्डावर, देवीच्या पालखीत आणि क्रिकेट संघाच्या टी-शर्टवर. म्हणून टी-शर्टवरचं नाव हरलं की माणसाच्या पोटात तुटतं. हे मला समजतं. कारण माझ्याही घरात सातबारा फक्त फ्रेम करून ठेवण्यापुरता उरला आहे.

पण मग सरळ हिशोब मांडा. गावाचं नाव इतकं प्रिय असेल तर त्या टी-शर्टमध्ये गावाचा पोरगा का नाही? कारण त्याला शिकवायला वेळ लागतो आणि आपल्याला चषक याच रविवारी हवा असतो. गावचा पोरगा सीमारेषेवर पाणी घेऊन उभा, आणि डोंबिवली, गुजरात, कोलकाता जिथून मिळेल तिथून फलंदाज आणलेला. तो जिंकला तर 'आपल्या मातीतला', हरला तर 'ह्याला कोनी आनला'. आणला कोणी? आपणच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण निदान घर सांभाळून असते. आम्ही दुसऱ्याच्या बाब्याला चार दिवस भाड्याने आणतो आणि काम होताच कार्टं ठरवतो. त्यात आपला बाब्या बाकावर बसून म्हातारा होतो.

हे फक्त गावच्या मैदानावर होतं असं म्हणून शहरातल्या सुशिक्षितांनी नाक मुरडू नये. २०२४ च्या उन्हाळ्यात पनवेलहून हार्बर लोकलने निळे टी-शर्ट घालून वानखेडेला गेलेले सगळे काही आमच्या चषकांचे प्रेक्षक नव्हते. मुंबई इंडियन्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं आणि १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केलं. निर्णय कोणाचा? संघाच्या व्यवस्थापनाचा. शिक्षा कोणाला? खेळाडूला. २४ मार्चला अहमदाबादच्या मैदानात कुत्रा शिरला तर प्रेक्षकांनी 'हार्दिक, हार्दिक' असा गजर केला. १ एप्रिलला वानखेडेवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या संघाच्या घरी, नाणेफेकीला इतकी हुर्यो उडवली की संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना 'नीट वागा' असं सांगावं लागलं. ज्या व्यवस्थापनाने रोहितला बाजूला केलं त्याच्या नावाने कोणी हुर्यो उडवली? तिकिटं त्यांच्याचकडून घेतली, टी-शर्ट त्यांचेच विकत घेतले. मुंबई त्या वर्षी आयपीएलच्या गुणतक्त्यात तळाला गेली.

मग २९ जून आला. ब्रिजटाउनला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या, चेंडू हार्दिकच्या हातात. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच गर्दीने त्याच्या नावाचा जयघोष केला. लोकांनी याला 'मनपरिवर्तन' म्हटलं, लेख लिहिले, डोळे पुसले. माझ्या मते परिवर्तन वगैरे काही नव्हतं. कुत्र्याला त्याचं नाव देणारे आणि त्याच्या नावाने नाचणारे एकच होते, आणि दोन्ही वेळा त्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. हार्दिक तिशीतला, करोडपती, जगभर खेळलेला. तो हे पचवू शकला. सतरा वर्षांच्या पोराने काय करायचं?

सतरा कशाला, पंधरा वर्षांच्याचं उदाहरण आपल्याच उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या मार्गावर आहे. ४ आणि ५ जानेवारी २०१६ ला कल्याणमध्ये के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी चषकाच्या सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. ३२३ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ पासून ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाच्या नावावर असलेला ६२८ चा विक्रम मोडला. रिक्षाचालकाचा मुलगा. दोन दिवसांत कॅमेरे, सत्कार, दुसऱ्या सचिनची भाकितं. मुंबई क्रिकेट संघटनेने पाच वर्षांसाठी महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. समोरची गोलंदाजी लहान मुलांची होती, सीमारेषा जवळ होती, पोराला अजून खूप शिकायचं होतं, हे सांगणारा त्या आठवड्यात हेवेखोर ठरत होता.

पाच-सहा महिन्यांनी पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात सचिनच्या मुलाची, अर्जुन तेंडुलकरची निवड झाली, तेव्हा 'रिक्षावाल्याच्या पोराला डावललं' म्हणून राज्यभर बोंब उठली. प्रणव मुंबईच्या सोळा वर्षांखालील संघातच नव्हता, त्यामुळे विभागाच्या संघासाठी त्याचं नाव विचारात येण्याचा प्रश्नच नव्हता. पण आपल्याला त्याच्या निवडीशी कर्तव्य नव्हतं. आपल्याला दुसऱ्याला हाणायला काठी हवी होती आणि हाताशी पोरगा होता. पुढच्या वर्षी त्याचा फॉर्म गेला. शिष्यवृत्ती थांबवावी असं त्याच्या वडिलांनीच संघटनेला कळवलं. या सगळ्यात शहाणपणाने वागलेला मोठा माणूस मला तो एकच दिसतो. बाकी आपण सगळे तोवर पुढच्या हजार धावांच्या शोधात निघालो होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थान रॉयल्सने तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला एक कोटी दहा लाखांना घेतलं, तेव्हा पहिली चर्चा त्याच्या फटक्यांची झाली नाही, त्याच्या जन्मतारखेची झाली. २८ एप्रिल २०२५ ला त्याने ३५ चेंडूंत शतक मारलं आणि कालचे जन्मदाखला मागणारे आज त्याचे मामा झाले.

"पैसे मोजून तिकीट काढतो, बोलायचा हक्क आहे," हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. हक्क आहेच. बोला की. "पाय हलत नाही," बोला. "यॉर्कर पडत नाही," बोला. "झेलाच्या खाली उशिरा आला," हेही बोला. ते ऐकून पोरगा सुधारेल. आमच्या भागात कबड्डीचे जुने प्रेक्षक असे असायचे. चढाईला गेलेल्याचा कुठला पाय पुढे पडला यावरून ते मैदानाबाहेर अर्धा तास भांडत, आणि त्या भांडणातून नवी पोरं खेळ शिकत. आज खेळ बघायला आलेल्यांपैकी निम्म्यांना क्षेत्ररक्षण कसं लावलंय ते सांगता येत नाही, पण खेळाडूने किती घेतले ते पै-पैशासकट पाठ असतं. आणि आमच्या चषकांना तिकीटही नसतं. म्हणजे हा हक्क कुठून आला?

महाविद्यालयांचं वेगळं नाही. बारावीला दांडगा खेळाडू दिसला की क्रीडा विभागातून निरोप येतो: आमच्याकडे प्रवेश घे, हजेरीचं बघून घेऊ. विद्यापीठाच्या स्पर्धेत पदक आलं की फाटकावर बॅनर लागतो, प्राचार्य फोटोत येतात, वर्गातली पोरं खांद्यावर घेतात. गुडघा गेला की तोच पोरगा हजेरी कमी म्हणून परीक्षेच्या अर्जासाठी खेटे घालतो. असा एक मुलगा आमच्या शेजारच्या इमारतीत राहतो. महाविद्यालयाचं नाव घेत नाही, कारण त्या जागी दुसरं कुठलंही घातलं तरी चालेल. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, पण त्या वाटेवर खोट्या प्रमाणपत्रांवाले आधीच रांगेत पुढे उभे राहिलेले असतात. त्यांच्याविरुद्ध आपल्या चाहत्यांनी कधी हुर्यो उडवलेली ऐकली आहे?

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचं वेड आपल्याहून भयंकर आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात एक लाख सात हजार माणसं बसतात. सतरा वर्षांचा पोरगा कुठल्या विद्यापीठाची टोपी घालणार हे टीव्हीवर थेट दाखवतात, त्याला आधीच तारे दिलेले असतात, आणि त्याने दुसरी टोपी उचलली तर त्याला धमक्या देणारे महाभाग तिथेही आहेत. म्हणजे मूर्खपणा ही आपली मक्तेदारी नाही. फरक एवढाच की तिथे त्या पोराच्या मागे शिष्यवृत्ती आहे, पगारी डॉक्टर आहेत, आणि १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याचा हक्कही आहे. आपण त्यांचं फक्त वेड उचललं.

मैदानाचं तर विचारूच नका. आमचे चषक होतात ते बहुतेक मोकळ्या भूखंडांवर; उद्या टेंडर निघालं की तिथे पत्रे लागतात. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. तेव्हापासून गावोगावी चषकांचे आकडे वाढले, पण पोरांना रोज संध्याकाळी विनाअडथळा खेळता येईल अशी जागा मागायला मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. एका झेलासाठी पोराच्या सात पिढ्या काढणारा हाच समाज गावच्या मैदानावर टॉवर उभा राहताना शांतपणे 'आपल्याला किती फ्लॅट' एवढंच विचारत होता.

म्हणून आयोजकांना, संघमालकांना आणि आपल्या सगळ्यांना रोखठोक सांगतो. अठरा वर्षांखालच्या पोराचा लिलाव बंद करा. त्याला घ्यायचं तर आईबापांशी बसून, लिहून घ्या. मैदानावर डॉक्टर आणि औषधाची पेटी नसेल तर पहिला चेंडू टाकू नका. प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा प्रवेश फीमध्येच धरा. मालिकावीराच्या मोटरसायकलपेक्षा तो स्वस्त पडेल. बाहेरचे चार आणायचे तर आणा, पण अकरात गावचे चार खेळवा. समालोचकाने आईवरून शिवी ऐकली की सामना थांबवावा. दोनदा थांबला की तिसऱ्यांदा शेजारचाच त्या माणसाचं तोंड बंद करेल. यातलं एकही काम करायला ना सिडको लागते, ना सरकार, ना न्यायालय.

आणि प्रेक्षकांनो, पुढच्या रविवारी मैदानावर याल, नवा पोरगा बॅट घेऊन उतरेल, तेव्हा आयोजकाला एकच प्रश्न विचारा: याचा विमा काढलाय का? उत्तर 'हो' आलं तर गळा फाटेस्तोवर ओरडा. 'नाही' आलं तर त्या दिवशी झेल सुटल्यावर शिवी द्यायचीच असेल, ती मंचाकडे तोंड करून द्या.